पायाळू आणि वीस बाजूंचा फासा

नागपूरच्या भोवतालच्या मुलखात, उमरेड-काटोल-रामटेककडील खेड्यांतून आणि खुद्द शहराच्या महाल, इतवारी यांसारख्या जुन्या वस्त्यांतूनही, रोहिणीच्या अखेरीस आभाळ गडगडू लागले म्हणजे अंगणात हुंदडणाऱ्या चार-सहा पोरांपैकी नेमक्या एकालाच नाव घेऊन घरात बोलवावे आणि बाकीच्यांना खुशाल भिजू द्यावे, ही गोष्ट मागच्या दोन पिढ्यांपर्यंत कोणाला नवलाची वाटत नसे. तो मुलगा पायाळू असे. म्हणजे मातेच्या उदरातून तो डोक्याने नव्हे, तर पायांनी बाहेर आलेला असे. लोकसमजुतीने अशा माणसाला तीन अधिकार जन्मतःच बहाल केले आहेत. उसण भरलेल्याच्या कमरेला त्याने पाय लावला की चमक निघून जाते. कोरड्या माळाखालचे पाणी त्याला कळते. आणि त्याच्या डोळ्यांत मंतरलेले अंजन घातले असता जमिनीत पुरलेले धनाचे हंडे त्याला दिसू लागतात. या तीन जमेच्या बाबींसमोर खर्चाची एकच बाब मांडलेली आहे, परंतु ती जबर आहे: वीज त्याला हुडकीत येते.

या समजुतीचे खरेखोटे करण्याचा येथे उद्देश नाही. विजेला कोणाचा जन्मवृत्तांत ठाऊक नसतो, आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने काढलेले ‘दामिनी’ नावाचे मोबाईलवरील ॲप आसपास पडणाऱ्या विजेची सूचना देताना तुम्ही कसे जन्मलात हे विचारीत नाही. कुतूहल आहे ते निराळ्याच गोष्टीचे. हा जो जमाखर्च आपल्या आजीबाईंनी कोणत्याही वहीत न लिहिता मुखोद्गत ठेवला, तोच जमाखर्च सुमारे पन्नास वर्षांपूर्वी अमेरिकेतील काही खेळवेड्या तरुणांनी छापील नियमांत बसवावयास घेतला. आणि त्यांच्या हाती काय लागले व काय निसटले, हे पायाळूला शेजारी उभा करून पाहिले म्हणजे फार स्पष्ट दिसते.

पण आधी पायाळूविषयी आणखी थोडे. पूर्ण दिवस भरलेल्या शंभर गर्भांपैकी तीन-चार गर्भ डोके वर आणि पाय अथवा कुल्ले खाली अशा स्थितीत असतात, असे प्रसूतिशास्त्र सांगते. अशा जन्मात शरीराचा सर्वांत मोठा आणि सर्वांत कठीण भाग, म्हणजे मस्तक, शेवटी बाहेर यावयाचा असतो. धड मोकळे झालेले आणि डोके अडकलेले, नाळ मधल्यामध्ये दबलेली, अशा अवस्थेत बाळाच्या श्वासाला अवधी फार थोडा उरतो. इस्पितळाची सोय नसलेल्या काळी सुईणीच्या हाती या प्रसंगी कौशल्य असे, पण साधने नसत. तेव्हा जे पायाळू मूल जगले ते जवळजवळ हरलेला डाव जिंकून आले, हे घरातल्या प्रत्येक बाईने डोळ्यांनी पाहिलेले असे. आणि अशा मुलाच्या ठायी काही असामान्य असले पाहिजे असे तिला वाटले, तर त्यात भोळेपणापेक्षा निरीक्षणाचाच भाग अधिक होता, असे माझे मत आहे. इसवी सन २००० नंतर जगभरच्या डॉक्टरांचा कल अशा गर्भासाठी शस्त्रक्रियेकडे झुकला. पोट उघडून काढलेल्या मुलाला पायाळू म्हणावे की नाही, हा प्रश्न जुन्या समजुतीने कधी विचारातच घेतलेला नाही.

ही समजूत आपल्यापुरती मर्यादित आहे असेही नाही. स्कॉटलंडात आणि कॉर्नवॉलात पायांनी जन्मलेल्या माणसाकडून कंबर तुडवून घेण्याची वहिवाट होती. रोमन ग्रंथकार प्लिनी याने पहिल्या शतकात अशा जन्माला सृष्टिक्रमाविरुद्ध ठरवून, त्यातून भाग्याला चढलेला एकच माणूस दाखवला, तो सम्राट ऑगस्टसचा सेनापती अग्रिपा. आणि लगेच त्याचे दुखरे पाय, कष्टात गेलेले तारुण्य, अशी त्याच्या दुःखांची फेरिस्तही जोडून दिली. देणगी सांगितली की तिची किंमत सांगितल्यावाचून माणसाला चैन पडत नाही, असे दिसते.

आता खेळांकडे वळू. १९७४ साली अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा नावाच्या गावी गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा एक खेळ प्रसिद्ध केला. पेटी लहानशी, आत तीन पुस्तिका, पहिली छपाई अवघी १,००० प्रतींची. या खेळाला पट लागत नाही, सोंगट्या असल्या तर असल्या, आणि त्यात कोणी जिंकत अथवा हरत नाही. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक निवेदक होतो, त्याला खेळणारे ‘डीएम’ म्हणतात. तो प्रसंग वर्णन करतो: अंधारे तळघर आहे, समोर लोखंडी दार आहे, आतून घोरण्याचा आवाज येत आहे. उरलेल्यांपैकी प्रत्येकाने एकेक पात्र धारण केलेले असते, आणि आपले पात्र आता काय करील हे त्याने सांगावयाचे असते. ते जमले की फसले, याचा निवाडा फाशांनी होतो. हे फासे चार, सहा, आठ, दहा, बारा आणि वीस बाजूंचे असतात. असा एकेक डाव रविवारमागून रविवार, कित्येक महिने, चालू राहतो. २०१६ पासून नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेतील पोरे तळघरात बसून जो खेळ खेळतात, तो हाच. आणि त्या मालिकेतील इलेव्हन नावाची मुलगी केवळ मनाच्या बळाने वस्तू हलवते तेव्हा तिच्या नाकातून रक्ताची रेघ उतरते, हेही आपल्या विषयाला धरूनच आहे.

खेळणाऱ्याच्या हाती एक कागद असतो. त्यावर पात्राचे बळ, बुद्धी, चापल्य, वाणीचा प्रभाव यांचे आकडे, त्याला येणाऱ्या विद्या, त्याच्या अंगचे दोष, असा सारा तपशील खेळ सुरू होण्यापूर्वी भरलेला असतो. आपल्याकडे मूल जन्मल्यावर सटवाईच्या पूजेला कोरा कागद आणि लेखणी ठेवण्याचा प्रघात आहे, की रात्री देवीने येऊन त्याचे विधिलिखित लिहावे; हा पात्राचा कागद म्हणजे तोच कागद, फक्त सटवाईची लेखणी येथे ज्याच्या त्याच्याच हाती दिलेली. आणि स्वतःचे ललाट स्वतः लिहावयाचे म्हटल्यावर मनुष्य काय करील? तो जमेच्या बाजूला सर्व काही लिहील आणि खर्चाची बाजू कोरी ठेवील. खेळ रचणाऱ्यांपुढे पहिल्या दिवसापासून हीच अडचण उभी होती.

त्यांचा पहिला उपाय नशिबाचा होता. १९७६ च्या एका पुरवणीत आणि मग १९७८ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये मानसिक सिद्धींचा एक प्रकार आला, जो शिकून मिळत नसे. बुद्धी, विवेक किंवा प्रभाव यांपैकी एखादा आकडा १६ किंवा त्याहून अधिक असला, तरच फासा टाकण्याचा अधिकार. आणि मूळ शक्यता शंभरात एक. ज्याला ही सिद्धी लाभली त्याला परचित्ताचे ज्ञान, शरीरावर विलक्षण ताबा, अशा शक्ती मिळत. परंतु त्याबरोबर एक संकटही मिळे. अशा मनाचा वास लागणारे काही राक्षसी जीव या खेळाच्या सृष्टीत आहेत, आणि ते साध्या माणसांना वगळून सिद्धीवाल्याच्या मागावर येतात. वीज ज्याला हुडकीत येते त्या आमच्या पायाळूचा हा सख्खा भाऊच म्हणावयाचा. गायगॅक्सला पायाळूची गोष्ट कोणी सांगितली असण्याचा संभव नाही. हिंदुस्थानची त्या मंडळींना ओळख होती ती भलत्याच वाटेने: १९७७ च्या त्यांच्या राक्षसकोशात ‘राक्षस’ या नावाखाली वाघाच्या तोंडाचा, चिलीम ओढणारा एक गृहस्थ बसलेला आहे, जो धर्मगुरूने मंत्रून दिलेल्या बाणाने मरतो, आणि पुढील आवृत्त्यांत ज्याचे तळहात उलटे दाखवले आहेत. आमच्याकडे हडळीचे पाय उलटे असतात. राक्षसाचे हात उलटे असल्याचे मी तरी कोठे ऐकलेले नाही.

जन्मजात जादूला स्वतंत्र गादी मिळाली ती २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत. त्यापूर्वी जादूगार म्हणजे पोथ्या घोकणारा. रोज पहाटे त्याने मंत्रांची उजळणी करावी आणि जेवढे पाठ केले तेवढेच दिवसभरात वापरावे. आता त्याच्या पंक्तीला ‘सॉर्सरर’ येऊन बसला, ज्याच्या रक्तातच जादू आहे. कोणी म्हणे पूर्वजांत एखादा अग्निमुखी नाग होऊन गेला, कोणी आणखी काही. त्याला पोथी नको, घोकंपट्टी नको. मात्र त्याला मंत्र मोजकेच येतात, एकदा निवडले की सहसा बदलता येत नाहीत, आणि वरच्या पायरीचे मंत्र पोथीवाल्याला मिळाल्यावर एक इयत्ता उशिराने त्याच्या हाती पडतात. ही किंमत रास्त आहे, पण तिच्यात चव नाही. एखाद्या कचेरीने नियम क्रमांक अमुक अन्वये कापून घ्यावी तशी ती आहे.

चव आली ती ‘रानटी जादू’ या शाखेत. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत तिचा नियम असा आहे, की या जातीच्या सॉर्सररने मंत्र टाकला म्हणजे निवेदक त्याला वीस बाजूंचा फासा टाकावयास सांगू शकतो. एकोणीस आकडे निरुपद्रवी. परंतु १ पडला, की पन्नास नोंदींचे एक कोष्टक उघडावे लागते, आणि तेथे काय वाढून ठेवलेले असेल याचा नेम नाही. अंगाचा रंग गडद निळा होईल. पिसांची लांब दाढी उगवेल आणि शिंक येईपर्यंत जाणार नाही. बोलू गेल्यास तोंडातून गुलाबी बुडबुडे निघतील. तो स्वतःच कुंडीतले रोपटे होऊन बसेल. किंवा त्याच्या आणि त्याच्या सोबत्यांच्या मध्यभागी आगीचा एक प्रचंड गोळा फुटेल. हा फासा टेबलावरून गडगडत जाऊन थांबेपर्यंत भोवतालच्या मंडळींचे चेहरे पाहण्यासारखे असतात. ज्याचा मंत्र आहे तो उत्सुक असतो. ज्यांचा नाही, ते आपापली पात्रे मनातल्या मनात त्याच्यापासून दोन पावले लांब सरकवीत असतात. जन्मजात सामर्थ्याचा भुर्दंड सामर्थ्यवानाच्या बरोबर उभे राहणाऱ्यांनाही पडतो, ही गोष्ट या एका कोष्टकाने जितकी नीट उमजते तितकी पुष्कळशा प्रवचनांनी उमजत नाही.

दुसरा उपाय शुद्ध हिशेबाचा. १९८१ साली ‘चॅम्पियन्स’ नावाच्या खेळाने असा कायदा केला, की प्रत्येक खेळाडूने ठरावीक गुण घेऊन सामर्थ्ये विकत घ्यावीत, आणि गुण कमी पडले तर अंगी दोष पत्करून त्यांच्या मोबदल्यात अधिक गुण उचलावेत. दोषांत एक ‘हंटेड’ नावाचा आहे, म्हणजे कोणीतरी तुमच्या मागावर आहे. तो किती मागावर आहे हेही फाशांवर: प्रत्येक बैठकीच्या आरंभी सहा बाजूंचे तीन फासे टाकावयाचे, आणि बेरीज ८, ११ किंवा १४ यांपैकी ठरलेल्या आकड्याच्या आत आली, की तो वैरी त्या दिवशी हजर. पाच वर्षांनी, १९८६ मध्ये, स्टीव्ह जॅक्सनच्या ‘गर्प्स’ने या हिशेबाला पक्क्या जमाबंदीचे स्वरूप दिले. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत साधारण नायकाला १०० गुण मिळत, आणि दोषांच्या तारणावर आणखी ४० पर्यंत उचल करता येई. आंधळेपणाला ५० गुण, एका डोळ्याला १५, लोभाला १५, प्रामाणिकपणाला १०. जन्मजात जादूची पात्रता हवी असेल तर पहिल्या पायरीला १५, तिसऱ्या पायरीला ३५. लोभी माणसापेक्षा प्रामाणिक माणसाचे नुकसान कमी होते, असे या तक्त्यावरून निघते. नागपुरातील एखाद्या मुरलेल्या कारकुनाला विचारले असता तो कदाचित हे आकडे फिरवून देईल.

या पद्धतीत लबाडीला वाव आहे हे उघडच आहे. वाळवंटातल्या कथानकात शिरणाऱ्याने समुद्राचे भय पत्करावे आणि फुकटचे गुण पदरात पाडून घ्यावेत, असे प्रकार होऊ लागले. तेव्हा ‘चॅम्पियन्स’च्या कर्त्यांनी एक सूत्र घालून दिले, की जो दोष नडत नाही तो दोषच नव्हे, आणि त्याला कवडीही मिळणार नाही. सूत्र सोन्यासारखे आहे. पण त्यानेही एक उणीव भरून येत नाही. या जमाबंदीत देणगी आणि दोष ही दोन वेगळी कलमे राहतात, बेरीज जुळली की काम झाले. आपण कर्णाचा कागद भरून पाहू. जमेला जन्मजात कवचकुंडले. खर्चाला दानव्रत, सूतपुत्र म्हणून होणारी अवहेलना, आणि पुढे कमावलेले दोन शाप. आकड्यांचा मेळ बसेल. परंतु व्यासांनी जे केले ते या कागदावर दिसणार नाही: कवचाला शस्त्राने भेग पडत नव्हती, ती दानव्रताने पाडली. देणगी जितकी अभेद्य, तितके ती मागून नेणे सोपे व्हावे, अशा जागी त्यांनी दोष नेऊन ठेवला. आणि मागावयास आलेला इंद्र हातात वज्र घेऊन नव्हे, तर याचक ब्राह्मणाच्या वेषात आला. अश्वत्थाम्याच्या मस्तकावरचा जन्मजात मणी शस्त्र, व्याधी आणि क्षुधा यांचे भय दूर ठेवणारा होता. तोही शेवटी त्याला काढून द्यावा लागला. आमच्या पुराणांत जन्मजात वस्तूच्या भोवती नेहमी कोणीतरी मागणारा घोटाळत असतो.

हा मागणारा, हा शेजारी, हा भोवतालचा समाज, खेळांच्या नियमांत फार क्वचित येतो. माझ्या पाहण्यात त्याला मध्यभागी बसवणारा खेळ एकच, जोनाथन ट्वीट आणि मार्क रीन-हेगन यांचा १९८७ सालचा ‘आर्स मॅजिका’. मध्ययुगीन युरोपात घडणाऱ्या या खेळात जादूची पात्रता जन्मतःच असावी लागते, तिला ते ‘गिफ्ट’ म्हणतात. ती असल्यावाचून कितीही विद्या केली तरी मांत्रिक होता येत नाही. आणि तिचा दोष काय? अंग निळे होत नाही, नाकातून रक्त येत नाही, मंत्र उलटत नाही. ज्याच्या ठायी ही देणगी आहे त्याला पाहून लोकांना उगाचच संशय येतो. तो खरे बोलला तरी खोटे वाटते. बाजारात दुकानदार त्याच्या हाताकडे बघत राहतो. कुत्री भुंकतात, घोडे बुजतात. म्हणून मांत्रिकांनी गावापासून दूर एकत्र वसाहत करून राहावे, परस्परांच्या या उपद्रवापासून बचावाचा एक खास मंत्र शिकावा, आणि बाजारहाट, सरंजामदारांशी बोलणी, न्यायालयातील कामे यांसाठी देणगी नसलेल्या सोबत्यांना पाठवावे. या खेळात प्रत्येक जण मांत्रिकाबरोबर असा एखादा साधा माणूसही खेळतो, त्याचे कारण हेच, की मांत्रिकाला जगात वावरता येत नाही.

काळजिभ्या माणसाशी ज्याची गाठ पडली आहे त्याला हा नियम समजावून सांगावा लागणार नाही. जिभेवर जन्मतः काळा डाग असला, की त्याचे बोलणे, विशेषतः वाईट बोलणे, खरे ठरते, अशी आपल्याकडे समजूत. या शक्तीने त्या माणसाच्या घरी कधी चार पैसे आल्याचे ऐकिवात नाही. लग्नाची बोलणी चालू असता त्याला ओसरीवर थांबवून ठेवल्याचे मात्र ऐकिवात असते. इटलीच्या ईशान्येकडील फ्रिउली प्रांतात सोळाव्या शतकात असेच काही लोक होते. ज्यांचा जन्म गर्भवेष्टनासकट झाला त्यांना ‘बेनान्दान्ती’ म्हणत. वर्षातून चार वेळा, ठरलेल्या उपवासाच्या दिवसांत, त्यांचा आत्मा रात्री देह सोडून बडीशेपेचे दांडे हाती घेऊन जातो आणि ज्वारीच्या जातीच्या धान्याची ताटे घेतलेल्या चेटक्यांशी पिकांच्या रक्षणासाठी लढतो, असे ते स्वतः सांगत. १५७५ पासून चर्चच्या धर्मन्यायालयाने त्यांच्या चौकशा आरंभल्या. पुढील काही दशकांत, त्याच त्या प्रश्नांच्या माऱ्याखाली, चेटक्यांशी लढणारे हे लोक आपण स्वतःच चेटके असल्याचे कबूल करू लागले. कार्लो गिन्झबुर्ग या इतिहासकाराने १९६६ च्या आपल्या ग्रंथात ही कहाणी न्यायालयाच्या दफ्तरांतून उकलून दाखवली आहे. त्यांच्या देणगीचा दोष त्यांच्या अंगात नव्हता, तो प्रश्न विचारणाऱ्यांच्या खुर्चीत होता.

आणि म्हणूनच पायाळूच्या बाबतीत वीज हे मला अलीकडे दुय्यम कलम वाटू लागले आहे. देशात वीज पडून दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे दगावतात. त्यांतील पुष्कळशी शेतावर, उघड्यावर किंवा एकट्या झाडाखाली असतात आणि बहुधा डोक्याकडूनच जन्मलेली असतात. पायाळूला खरे भय आहे ते त्याच्या तिसऱ्या देणगीचे, म्हणजे गुप्तधनाच्या दृष्टीचे. विदर्भात या गुप्तधनाच्या वेडाला इतिहासाने पुष्कळ खतपाणी घातले आहे. पेंढाऱ्यांच्या धाडी पडत त्या काळी सावकाराने आणि पाटलाने आपले किडूकमिडूक हंड्यात घालून जमिनीत पुरणे हीच त्याची बँक होती. मालक मेला किंवा पळाला, की हंडा तेथेच. देवगड-चांद्याच्या गोंड राजांचे किल्ले ओस पडले. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारल्यावर डलहौसीने राज्य खालसा केले आणि राजवाड्यातील चीजवस्त लिलावात निघाली. तेव्हा लिलावात न आलेले किती आणि कोठे दडवले, अशी कुजबुज शहरात उठली नसती तरच आश्चर्य. सरकारनेही या धनाची दखल घेतलेली आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीचे पुरलेले द्रव्य सापडले, की ज्याला ते सापडले त्याला जिल्हाधिकाऱ्याकडे लेखी इत्तला द्यावी लागते. म्हणजे पायाळूच्या दृष्टीचा शेवट कायद्याप्रमाणे पाहू गेल्यास कलेक्टर कचेरीतल्या एका अर्जात आहे.

परंतु गुप्तधन हुडकणारे अर्ज करीत नाहीत. अमावास्येच्या रात्री, लिंबू, कुंकू आणि पहारी घेऊन जाणाऱ्या टोळ्यांना जागा दाखवण्यासाठी पायाळू माणूस हवा असतो. आणि मांत्रिकाने धनावरचा नाग शांत करण्यासाठी बळी मागितला, तर जवळचा आणि असहाय जीव म्हणून त्याच्यावरच नजर वळण्याचा धोका असतो. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात झालेल्या खुनांमागेही गुप्तधनाचीच हाव होती, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. नागपुरात केंद्र असलेली अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांची महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती यांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे खस्ता खाल्ल्या, तो २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाल्यानंतर आधी अध्यादेशाच्या रूपाने आला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात, नागपूर करारान्वये येथे भरणाऱ्या हिवाळी अधिवेशनात, विधिमंडळाने संमत केला. त्याच्या अनुसूचीत बारा बाबी आहेत. त्यांतली एक मौल्यवान वस्तू, गुप्तधन आणि जलस्रोत यांच्या शोधासाठी केलेल्या अमानुष कृत्यांविषयी आहे. धन आणि पाणी: पायाळूच्या तीन देणग्यांपैकी दोन जणू नावानिशी अनुसूचीत उतरल्या आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैदेची, आणि दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. ती देणगी असणाऱ्याला नव्हे, देणगीच्या मागे लागणाऱ्याला आहे. इतका नेमका विचार खेळांच्या फार थोड्या पुस्तकांत आढळतो.

हे सारे मनात असताना धरमपेठेतील एका घरी अभियांत्रिकीच्या मुलांचा असा डाव बघण्याचा योग आला. माझा भाचा निवेदक होता आणि पुस्तक ‘गर्प्स’चे. त्याच्या मित्राने आपले पात्र पायाळू करावयाचे ठरवले होते. धनाची दृष्टी घेण्यासाठी गुण कमी पडत होते, म्हणून विजेचे भय हा दोष लिहून त्याने पंधरा गुणांची मागणी केली.

“काऊन बे, पंधरा काऊन?” भाचा म्हणाला. “अख्खी गोष्ट आपली तळघरात चालते. तिथं वीज कुठून येणार आहे?”

“अबे पण बाहेर निघेन ना कधीतरी.”

“निघशील तेव्हा बघू. आत्ता शून्य.”

थोडी हुज्जत झाली. जमिनीखाली चालणाऱ्या कथानकात धनाची दृष्टी म्हणजे निव्वळ नफा आणि वीज म्हणजे निव्वळ थाप, हे त्या मित्रालाही कळत होते. शेवटी भाच्याने तडजोड सुचवली: वीज सोड, त्याऐवजी ‘शत्रू’ हा दोष घे. तीन फाशांची बेरीज ९ च्या आत आली, की त्या बैठकीत तुझ्या मागावरचे लोक येणार. शंभरातून साडेसदतीस वेळा असे होते. मित्राने क्षणभर विचार करून मान डोलावली आणि ते कोण, कोठले, असे विचारले. एखादा दूरदेशीचा मांत्रिक, एखादी दरोडेखोरांची टोळी, असे काही त्याच्या मनात असावे.

“तू पायाळू आहेस हे कोणाले माहीत असंन?” भाच्याने उलट विचारले. “सुईणीले, आन् घरच्याइले.”

मित्राने पेन्सिल उचलली, आणि शत्रूच्या रकान्यात पहिले नाव आपल्या पात्राच्या काकाचे लिहिले.